डोळे असलेलं पॅकिंग

माझ्या मावशीवर अन्याय झाला. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाच्या थोडं आधी, रोह्याच्या एका पुठ्ठ्याच्या कंपनीत आणि ती तिथं हजर नसताना. कंपनीच्या मॅनेजरने कस्टमला पत्र लिहिलं की हमरापूरच्या महिला गटाने कंपनीला न कळवता, पॅकिंगच्या मालात लपवून, गणपतीच्या मूर्ती परदेशी पाठवायचा प्रयत्न केला. त्या गटाची प्रमुख माझी मावशी. पत्रात काय होतं ते मला नक्की माहीत आहे, कारण ते टाइप करायला आधी मलाच सांगितलं होतं.

मी त्या कंपनीत डिस्पॅचला होते. त्याआधी पेणच्या खाडीकाठी आम्ही काही पोरं-पोरी पत्रकं काढायचो. बांध फुटून खारं पाणी भाताच्या शेतात शिरायचं, आणि बांध कुणाचा यावर तीन खात्यांचं एकमत व्हायचं की तो आपला नाही. त्याबद्दलची पत्रकं. पत्रक फुकट वाटायचं असतं, हा त्या धंद्यातला मोठा दोष. म्हणून नोकरी.

"साहेब, हे मी टाइप करणार नाही."

"का? टायपिंग येत नाही?"

"येतं. खोटं येत नाही."

"मग सरका बाजूला, पुढारीणबाई."

मग साहेबांनी दोन बोटांनी स्वतः टाइप केलं. मध्येच अकाउंटवाल्याला ओरडून विचारलं, 'कन्सील्ड'चं स्पेलिंग काय. अकाउंटवाल्याला येत नव्हतं. मला येत होतं. मी सांगितलं नाही. त्या दिवशी माझ्या हातून झालेला प्रतिकार तेवढाच.

आता हे काय प्रकरण होतं ते पहिल्यापासून सांगते.

कंपनी पुठ्ठ्याची खोकी करते. तीन पदरी, पाच पदरी, आजूबाजूच्या केमिकलवाल्यांना लागतात तशी. खोकी कापताना जी कातरण उरते ती पूर्वी भंगारात जायची. मावशीच्या गटाने ती मागून घेतली. हमरापुरात घरोघरी गणपती होतात, आणि गणपतीचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे प्रवास. सोंड तुटते, कान उडतो, हातातला मोदक वडखळच्या खड्ड्यात जातो. गवत भरून बघितलं, चिंध्या भरून बघितल्या. मग गटातल्या बायकांनी पुठ्ठ्याची कातरण आणि रद्दी भिजवून लगदा केला, तेल चोपडलेल्या मूर्तीवर तो थापला, उन्हात वाळवला आणि दोन भागांत सोडवून घेतला. पुढचा भाग पोटाचा, मागचा पाठीचा. मूर्ती त्यात घातली की हलत नाही. त्याला त्या 'खोळ' म्हणतात. उशीला असते तशी, फक्त कडक. वरचा थर नीट दिसावा म्हणून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या. झालं.

त्या खोळींत गेलेली एकही मूर्ती फुटली नाही. मॉरिशसच्या एका व्यापाऱ्याने त्याच्या एका हंगामाच्या मूर्ती तशा मागवल्या होत्या, त्याला मूर्तींपेक्षा खोळीच आवडल्या. त्याने कळवलं, मूर्ती मी आता इथंच करून घेतो, साचा तोच आहे, तुम्ही मला नुसत्या खोळी पाठवा. निर्यातीचा परवाना गटाकडे नव्हता, कंपनीकडे होता. म्हणून माल गटाचा, कागद कंपनीचा, असं ठरलं. बायका खूश झाल्या, कारण गणपतीचं काम हंगामी असतं आणि खोळींचं काम वर्षभर चाललं असतं. मावशीने तर गटाच्या शेडवर नवे पत्रे घालायचं बोलून ठेवलं.

आणि इथं कस्टमचं पुस्तक येतं.

ते पुस्तक जाडजूड असतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यात एक ओळ दिलेली आहे. जिवंत घोडे पहिल्याच प्रकरणात, पुराणवस्तू अगदी शेवटी, आणि कागद-पुठ्ठा अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात. त्या प्रकरणात खोकी आणि पिशव्या एकोणीस नंबरला आहेत. शेवटाला तेवीस नंबर आहे. कुठंच न बसलेला कागद तिथं बसवतात, आणि साच्यात दाबलेला लगदाही तिथंच. अंड्यांचे ट्रे तेविसात. मला हे पाठ आहे, कारण डिस्पॅचला दुपारी काही काम नसायचं.

आणखी एक नियम आहे. खोकं भरून परदेशी गेलं तर खोक्याला कुणी काही विचारत नाही. ते आतल्या मालाच्या नावावर जातं. तेच खोकं रिकामं निघालं की ते स्वतः माल होतं. मग त्याला नाव पाहिजे, नंबर पाहिजे, खुलासा पाहिजे. घराबाहेर एकट्या निघालेल्या बाईला विचारतात तेच प्रश्न रिकाम्या खोक्याला विचारतात. कुणाची, कुठली, कशाला निघालीस. तर मूर्तीबरोबर गेलेल्या खोळींना आधी कुणी काही विचारलं नव्हतं. आता त्या एकट्या निघाल्या होत्या.

मॅनेजरने कागदावर एकोणीस नंबर टाकला. खोकी. मी म्हटलं, साहेब, हा लगदा आहे, तेवीस. साहेब म्हणाले, आपली कंपनी कशाची? म्हटलं, खोक्यांची. म्हणाले, मग. सरकार निर्यातीवर थोडा परतावा देतं आणि ओळ बदलली की परतावा बदलतो, हेही त्यांना ठाऊक होतंच. पण मला वाटतं त्यांनी तेवढाही विचार केला नसावा. ते खोक्यांचे मॅनेजर होते. त्यांना सगळं जग चौकोनी दिसायचं.

तिकडं हमरापुरात वेगळंच चाललं होतं. तिथं मी नव्हते. हे मी मावशीकडून आणि तिच्या जावेकडून ऐकलेलं आहे, दोघींच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता, आणि त्या घरात एवढ्यावरच विश्वास ठेवायला हरकत नसते.

माल तयार होता. खोळींचे पुढचे भाग अंगणात ओळीनं वाळत घातले होते. सोंड, पोट, कान, मुकुटाचा उंचवटा, सगळं उमटलेलं. डोळ्यांच्या जागी नुसता राखाडी लगदा. शेजारची म्हातारी काठी टेकत आली आणि उभी राहिली.

"काय गो, यंदा आंधळे गणपती धाडताव काय परदेशी?"

मावशी म्हणाली, "गणपती नाय ते आजे. खोळी हायत."

"सोंड हाय?"

"हाय."

"पोट हाय?"

"हाय."

"मंग काय उंदीर हाय व्हय?"

बायका हसल्या. म्हातारी नाही हसली. ती म्हणाली, "तुझ्या हातचं डोलं बघाया लोक मुंबयशी येतान. आन तू परदेशात आंधळं धाडतंस. बरां हाय."

आणि काठी टेकत निघून गेली.

इथं हमरापूरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्यात मूर्तीला डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणतात. आखणीच्या आधी तो माल असतो. त्याला आडवा टाका, उलटा करा, एका हातानं उचला, त्याच्या बाजूला बसून वडापाव खा, सवतीला शिव्या द्या, काही नाही. एकदा आखणी झाली की तो गणपती. मग चप्पल लांब, आवाज खाली, दोन हातांनी उचलायचं. या दोन्हींच्या मध्ये काही नसतं. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही आणि कुणी मोडलेलीही मी पाहिली नाही. आणि चेहरा असलेली वस्तू आखणी न करता गावाबाहेर द्यायची नाही, हा आमच्या मावशीचा स्वतःचा हट्ट. आजवर तिच्या शेडमधून चेहरा असलेलं जे गेलं ते सगळं गणपतीच होतं, आधीच्या खोळीही आतल्या गणपतीच्या डोळ्यांवरच गेल्या होत्या, त्यामुळे हा हट्ट कधी कुणाच्या आड आला नव्हता.

मावशी बसली ब्रश घेऊन. जाऊ बसली. मग बाकीच्या दोघी-तिघी, ज्यांचा हात स्थिर, त्या बसल्या. रंग नाही, दागिना नाही, मुकुटाला सोनेरी नाही. नुसते डोळे. राखाडी लगदा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांची अर्धवट अक्षरं, आणि त्यातून बघणारे गणपतीचे डोळे. एकाच्या कपाळावर 'हवामान' आलं होतं. एकाच्या सोंडेवर कांद्याचे भाव. मावशी सांगते, दिवेलागणीला काम संपलं तेव्हा अंगणातून सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला फार बरं वाटलं. फुकटचं काम केल्यावर बायकांना नेहमी बरं वाटतं. हे मी एका पत्रकातही लिहिलं होतं.

सकाळी कंपनीचा टेम्पो आला. ड्रायव्हर नागोठण्याचा. त्याने पहिली खोळ बघितली, चपला काढल्या, आणि अख्खा टेम्पो अनवाणी भरला. खोक्यांवर चिकटपट्टी मारून माल तसाच बंदराकडे गेला. रोह्यात कुणी उघडला नाही. वर चिठ्ठी होती: 'रिकामी कागदी खोकी'.

बंदराजवळच्या यार्डात कस्टमच्या साहेबांनी एक खोकं उघडायला लावलं. आत रिकामी खोकी नव्हती. आतून गणपती बघत होते.

बंदरावर कंपनीचे कागद फिरवणाऱ्या एजंटने कंपनीत फोन केला. कस्टमने लेखी विचारलं होतं की हा माल खोकी नाही, खुलासा करा. खुलासा सोपा होता. नंबर चुकला, तेवीस पाहिजे होता, दुरुस्त करतो. एवढं लिहायला पाच मिनिटं लागली असती. पण त्यात 'चुकला' हा शब्द येत होता, आणि चुकणारा मॅनेजर होता. म्हणून त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. ते मी वर सांगितलं.

पाडव्याला मी हमरापूरला गेले. रोह्याहून एसटी, पेणहून मिनीडोर रिक्षा. मावशी गुढीला साखरेची माळ घालत होती. मी तिथंच उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. मला सण बघून बोलता येत नाही.

ती आधी म्हणाली, "उघडला त्या साहेबानं? डोळे बघितले?"

"मावशी, ते लिहितायत तू लपवून मूर्ती घातल्यास."

"लपवून?"

तिने माळ हातातच धरली.

"गणपती लपवून? गणपती काय लपवायची गोष्ट हाय? आमी तर दारात मांडलेले सगले. आख्ख्या गावानं बघितले."

"हे तुला तिथं येऊन सांगावं लागेल. कस्टमच्या साहेबांनी बोलावलंय सगळ्यांना."

"कंपनीचा मॅनेजर येनार?"

"येणार."

"मग मी नवीन लुगडं नेसून येतं," मावशी म्हणाली. "त्याला दिसू दे, चोर कशी दिसते ती."

यार्डातल्या ऑफिसात आम्ही पाचजण. कस्टमचे साहेब, एजंट, मॅनेजर, मावशी आणि मी. टेबलावर एक खोळ ठेवलेली. मावशीनं आत येताच चपला दाराबाहेर काढल्या. ते बघून एजंटनेही काढल्या. साहेबांनी टेबलाखाली काय केलं ते दिसलं नाही, पण थोड्या वेळाने त्यांच्या बुटांचा आवाज बंद झाला.

साहेब पुण्याकडचे असावेत, वाक्य पुरं करून बोलायचे. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीने गेले होते. पिशवीत कागद होते, डोक्यात भाषण होतं. त्यांनी मला संधीच दिली नाही.

"हे मी पुस्तकात बघितलं," ते म्हणाले. "ही खोकी नाहीत, हे नक्की. साच्यात केलेला लगदा आहे. त्याची ओळ वेगळी. आता ही लगद्याची मूर्ती असली, तरी तीच ओळ. लगद्याचं पॅकिंग असलं, तरी तीच ओळ. नंबर दोन्हीकडं एकच येतो."

मॅनेजर म्हणाले, "पण साहेब, डोळे—"

"डोळ्यांचा आमच्याकडं रकाना नाही."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. म्हणजे मावशीने डोळे काढले नसते तरी हा माल अडकलाच असता. चूक पहिल्यापासून एकोणीस नंबरची होती, आणि एकोणीस नंबर मावशीने टाकला नव्हता. मी मॅनेजरकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"तेव्हा नंबर दुरुस्त करा आणि माल न्या," साहेब म्हणाले. "फक्त एक. नंबराशेजारी वर्णन लिहावं लागतं. वस्तू काय आहे ते. ते खरं पाहिजे, कारण तिकडचं कस्टमही उघडून बघेल. कंपनीने एका कागदावर खोकी लिहिलं, दुसऱ्यावर मूर्ती. त्यामुळे ज्यांनी माल केला, त्यांच्याकडूनच मी लिहून घेतो. मावशी, सांगा. हे पॅकिंग आहे की मूर्ती? पॅकिंग म्हणालात तर लपवण्याचा प्रश्नच उरत नाही. माल उद्या जहाजावर."

म्हणजे एक शब्द. मावशीने 'पॅकिंग' म्हणून सही केली की पत्रातलं खोटं पडलं, माल गेला, वर्षभराचं काम राहिलं, शेडला पत्रे आले. मी पेन काढून तिच्या हातात दिलं.

तिने पेन घेतलं. खोळीकडे बघितलं. खोळ तिच्याकडे बघत होती.

"साहेब, केलं तेवा पॅकिंगच होतं."

"मग तसं लिहा."

"पन मी डोळे काढलेत नाय का."

"ते असू देत. मी म्हटलं ना, डोळ्यांचा—"

"तुमच्याकडं नसंल रकाना. डोळे काढल्यावर मी त्याला पॅकिंग कसं म्हणू? तिकडं तो व्यापारी मूर्ती काढून घेनार आन हा कचऱ्यात टाकनार. पॅकिंग कचऱ्यातच टाकतान. मी लिहून देऊ, टाका म्हनून?"

"बरं," साहेब शांतपणे म्हणाले. "मग मूर्ती लिहा. चालेल मला."

"मूर्ती कशी लिहू? पाठ नाय त्याला. पोट पोकळ. अर्धा गणपती मी आजवर विकला नाय. मूर्ती म्हनून हे दिलं तर माझ्या सासऱ्याचं नाव जाईल."

"मावशी, दोन्हीपैकी एक तर असलंच पाहिजे."

"व्हय," मावशी म्हणाली. "असलंच पायजे. तेच तर."

साहेबांनी चहा मागवला. मी तिला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं आणि भांडले. माझ्या आयुष्यात मी कलेक्टर कचेरीवरसुद्धा इतकी भांडले नाही.

"मावशी, सही कर. एक शब्द आहे."

"तुझी पत्रकं कितीक शब्दांची असतान? त्यातला एक खोटा घालून दे बघू."

"हे वेगळं आहे."

"कसं?"

"ते लोकांचं असतं. हे नुसतं पॅकिंग आहे!"

"मग तू कर सही. तू नाय काढलेस डोळे."

"त्यांना तुझी पाहिजे. मग पुसून टाक डोळे! राखाडी रंग मार, माणसं आपण आणू, एका दिवसात—"

आत एजंटने ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काढलेले डोळे पुसायचे?" ती म्हणाली. "बाय, तुला आईनं काय शिकवलां गो?"

मी देव मानत नाही, हे मावशीला माहीत आहे. मी वाद घालू शकले असते. पण त्या घडीला तिच्यासमोर 'पुसून टाक' हे पुन्हा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि का नाही झाली याचं शास्त्रशुद्ध उत्तर माझ्याकडे अजून नाही. मी तिच्या हातातून पेन परत घेतलं आणि आम्ही आत गेलो.

मॅनेजर खुर्चीतून उठले, फाइल काखेत मारली.

"बघितलंत ना साहेब? सही करत नाही. म्हणजे काहीतरी आहेच."

हा खरा अन्याय. पत्रातला पहिला, तो मागे घेता आला असता. हा दुसरा तिच्या खरेपणातून काढला. ज्या बाईने खोटा शब्द लिहायला नकार दिला, तिच्या नकाराचा पुरावा करून तिलाच खोटी ठरवलं. मी मोठ्याने बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण एजंटने चपला घातल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला की वर्णन ठरत नाही तोवर माल जाणार नाही, कंपनीने तो परत न्यावा. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मला राग धरायला ते हवे होते, पण ते उपयोगी पडले नाहीत.

टेम्पो माल घेऊन हमरापूरला परत आला. ड्रायव्हर तोच, पुन्हा अनवाणी. बायकांनी खोकी उघडली, पुढचे भाग वेगळे केले, मागचे वेगळे. मागच्या भागांचा सरळ पुन्हा लगदा केला. पाठीला डोळे नसतात. पुढचे सगळे भाग फुलं वाहून, आरती करून, भरतीच्या वेळी खाडीत सोडले. जगातलं हे पहिलंच पॅकिंग असावं की ज्याचं विसर्जन झालं. शेजारची म्हातारी प्रसादाला आली होती. खोबरं कमी आहे म्हणाली.

कागद होता, बघता-बघता विरघळला. प्रदूषण शून्य. हे मी मुद्दाम लिहिते, कारण कंपनीने त्यानंतर मॉरिशसच्या त्या व्यापाऱ्याला कुठूनतरी पांढरा फोम घेऊन दिला. फोमला चेहरा नसतो. फोमबद्दल कुणी खुलासा मागितला नाही, आणि तो फोम शंभर वर्षांनीही कुठल्यातरी समुद्रात तरंगत असेल. मी नोकरी सोडली. मॅनेजर म्हणतात काढली. वर्णन ठरत नाही, तोवर दोन्ही धरा.

पत्र कस्टमच्या फाइलीत आहे. कंपनीने मागे घेतलेलं नाही. मी तीनदा जाऊन मागणी केली, तिन्ही वेळा मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये होते आणि मीटिंगमधून घोरण्याचा आवाज येत होता. परवान्यासाठी गटाने स्वतः अर्ज करायचा तर 'पूर्वी तक्रार आहे का' असं विचारतात. आहे. म्हणून परदेशाचा रस्ता सध्या बंद.

मावशीने हात टेकले नाहीत. तिने खोळीची रीत बदलली. आता लगदा थापायच्या आधी मूर्तीच्या चेहऱ्यावर कापडाची जाड घडी ठेवतात, त्यामुळे खोळीवर डोळ्या-सोंडेच्या जागी नुसतं गोल टेकाड येतं. चेहरा नाही, म्हणून आखणी नाही. आता ते पॅकिंग आहे. आता ती कुणालाही तसं लिहून देईल. म्हातारीला दाखवलं तर म्हणाली, "ह्यो भोपला हाय." मावशी म्हणाली, "व्हय, भोपलाच."

काम बायकांना येतं, माल तयार होतो, मूर्ती फुटत नाही. मग अडलंय कुठं? मी पेणमधल्या मूर्तीच्या दुकानांत फिरले. एकेका मालकाला खोळ दाखवली. सगळ्यांना आवडली. एकाने तर ती हातातून खाली टाकून बघितली, आतल्या मूर्तीसकट, आणि मूर्ती शाबूत निघाल्यावर हिरमुसला. पण घ्यायला कुणी तयार नाही. फोमचा पुरवठा दारात येतो, ठरलेला आहे. आणि कारण सगळ्यांचं एकच, जणू पाठ करून आलेत.

"चांगलं हाय, ताई. पन गिऱ्हाईक मागत नाय."

शेडमध्ये नऊ बायका बसून आहेत. त्यांना काम मिळायचं की नाही हे आता कस्टमवर नाही, कंपनीवरही नाही. ते त्या गिऱ्हाइकावर आहे, जे मागत नाही.

ते गिऱ्हाईक तुम्ही आहात. यंदा मूर्ती ठरवायला जाल तेव्हा किंमत विचारायच्या आधी विचारा, ही बांधून कशात देणार. फोम म्हणाले तर घेऊ नका. सांगा, कागदाची खोळ पाहिजे, नसेल तर हमरापूरहून मागवा, मी थांबते, मी थांबतो. दुकानदार तोंड वाकडं करील. करू द्या. तुमच्यामागे उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल असं मागा, आणि खोळ मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.